खिडकीवर उभा राहिलेला राजा

ही गोष्ट बाहेर सांगू नकोस, असं बाबांनी मला बजावलंय. त्यांच्या ऑफिसात सध्या काम परदेशी पाठवायचा विषय निघाला, की सगळे एकदम गप्प होतात म्हणे. पण माझी गोष्ट राजाची आहे, ऑफिसची नाही. म्हणून सांगते.

राजा भूपतरावांनी हुकूम काढला, "कचेरीतलं सगळं लिखाण यापुढे समुद्रापलीकडच्या बेटावर जाईल. तिथले कारकून निम्म्या पगारात लिहितात. इथल्यांनी घरी बसावं!"

कचेरीत रडारड सुरू झाली. सगुणी तेव्हा शाई पोचवायला आली होती. तिच्या घरी काजळी घोटून शाई करत. लिखाण गेलं, तर तिच्या घरची चूलही थंड होणार होती.

"पंत, हमालांचा संघ आहे. तुम्हीही करा आणि सगळे मिळून राजाकडे जा," ती म्हणाली.

"आम्ही काय हमाल आहोत?" थोरले कारकून त्रिंबकपंत फणकारले. "आम्ही गादीवर बसणारी माणसं!"

"गादी राहिली तर बसाल ना!"

पंतांनी पगडी चढवली. सगळे दरबारात गेले खरे, पण तिथे जो तो दुसऱ्याच्या पाठीमागे. शेवटी सगुणीच बोलली.

राजा खदाखदा हसला. "संघ? आणि यांचा? यांच्यातल्या दोघांचं तरी कधी पटलंय का? बरं, मी प्रत्येकाला एकटं गाठून एकच प्रश्न विचारीन. प्रश्न आधी सांगणार नाही. सगळ्यांनी एकच उत्तर दिलं, तर काम इथेच राहील आणि संघही मान्य. एक जरी वेगळं बोलला, तर सगळे घरी!"

कारकुनांचे चेहरे पडले. सगुणी मात्र म्हणाली, "कबूल, महाराज! फक्त प्रश्न कचेरीच्या खिडकीवर येऊन विचारा. आणि घोंगडं पांघरून या. तुम्हाला ओळखलं, तर हे घाबरून काहीच्या बाही बोलतील."

"येईन! कधी, ते मात्र सांगणार नाही."

बाहेर पडताच पंतांनी तिला गाठलं. "अगं, आता उत्तर काय ठरवायचं?"

"काही ठरवू नका. रोजच्यासारखं काम करा."

पुढे एका दुपारी, ऐन उन्हात, घोंगडं पांघरलेला राजा पहिल्या खिडकीवर आला. मागे शाईचा बुधला घेऊन सगुणी होतीच.

"रावसाहेब, मला चंद्रावर वांगी लावायची आहेत. शेतसारा किती पडेल?"

आतल्या कारकुनानं मानसुद्धा वर केली नाही. "ते माझ्याकडे नाही. शेजारी विचारा."

राजा शेजारी गेला. "ते माझ्याकडे नाही. शेजारी विचारा."

तिसऱ्याच्या तोंडात पान होतं. त्यानं ते गालात सरकवलं आणि तेच सांगितलं! राजा घामाघूम होत पुढे पुढे सरकत राहिला. शेवटच्या खिडकीच्या पलीकडे नुसती भिंत होती. तिथला कारकून जरा विचारात पडला. सगुणीनं श्वास रोखला.

"ते माझ्याकडे नाही," तो म्हणाला आणि त्यानं आलेल्या वाटेकडेच बोट दाखवलं. "शेजारी विचारा!"

राजानं घोंगडं भिरकावलं. "केवढी ही पायपीट! म्हणूनच यांना घरी बसवतोय मी!"

"पण महाराज, उत्तर एकच आलं की नाही?"

"आलं! पण हे कसलं एकमत?"

"शेजाऱ्याला सोडून यांच्यातला एकही जण काही करत नाही. संघ याहून वेगळा काय असतो? आणि आज तुमचं व्हरांड्यातल्या चालण्यावर भागलं. लिखाण बेटावर गेलं, की शेजारी विचारायला होडी करावी लागेल!"

 राजा असा हसला, असा हसला, की त्याला खिडकीचा गज धरावा लागला!

"काम इथेच राहील! संघही करा. पण पहिला नियम माझा. शेजारी विचारायला कारकुनानं उठायचं, लोकांनी नाही! आणि पोरी, तुला काय हवं?"

"शाईवाल्यांनाही संघात घ्या."

"छे, छे!" पंत ओरडले. "हिचे काळे हात आमच्या गादीला लागतील!"

"मग उद्यापासून पाण्यानं लिहा, पंत!"

राजाला पुन्हा हसू आवरेना. त्यानं हातातलं सोन्याचं कडं काढून सगुणीला दिलं आणि पंतांना सरकायला लावलं. सगुणी त्या पांढऱ्याशुभ्र गादीवर ऐटीत बसली, दोन्ही हात टेकले, आणि बघते तर गादीवर दोन काळेकुट्ट पंजे... थांबा हं, आई हाक मारतेय. आले गं आई, आले!