धूसरेच्या अंगावरच्या रेघा

त्रेतायुगाचे एकशे सातवे वर्ष, वर्षा ऋतूचा शेवट, भाद्रपद वद्य पंचमी, नक्षत्र कृत्तिका. कृत्तिकांची देवता अग्नी. त्याच दिवशी प्रवरा नदी पात्र सोडून ऋषी शौल्बायनांच्या अग्निशाळेत शिरली. पण ही कथा नीट कळायला त्याआधीचा शिशिर सांगितला पाहिजे.

सह्याद्रीच्या पूर्व उतारावर, जिथे प्रवरा खडकांतून उड्या टाकत खाली येते आणि मग दमल्यासारखी संथ होते, तिथे उंबर, पळस आणि शमीच्या दाट छायेत, हरणांनी तुडवलेल्या वाटांच्या मधोमध त्यांचा आश्रम होता. शौल्बायन ऐंशी वर्षांचे होते. वेदवेत्ते, तपोधन, ज्यांच्या शब्दाला इंद्रसभेत मान होता असे; पण गुडघे आता त्यांचे ऐकत नसत. शिष्यांना त्यांनी कधीच निरोप दिला होता. आश्रमात ते, त्यांची पत्नी रोचना आणि अग्नी, एवढे तिघेच उरले होते.

हा अग्नी बासष्ट वर्षांपूर्वी रोचनेच्या लग्नाच्या होमात पेटला. मातीच्या भांड्यात निखारे घालून तिने तो माहेराहून सासरी आणला. वाटेत भांडे तडकले. तिने ते खाली टाकले नाही, तसेच हातावर धरून चालली. तिच्या डाव्या तळहातावर तो डाग अजून होता. तेव्हापासून अग्नी विझला नव्हता. दोघांचे मागणे एकच होते: ज्याचा देह आधी पडेल त्याला याच अग्नीने न्यावे. परक्या आगीत जायचे नाही.

त्या काळी मांजराच्या अंगावर रेघ नव्हती. ब्रह्मदेवाने वाघाला पट्टे दिले, चित्त्याला ठिपके दिले, मोराला तर हात न आखडता सगळेच दिले. मांजराला मात्र मातीचा रंग फासून सोडून दिले. गवतात बसले तर दिसू नये आणि अंगणात आले तर कोणी पाहू नये, असा तो रंग.

तर माघातल्या एका पहाटे, दंव पडून गवत पांढरे झाले असताना, असेच एक मातकट मांजर अग्निशाळेच्या दारात येऊन बसले. कान गोठलेले, बरगड्या मोजाव्यात इतक्या वर आलेल्या. रोचनेने कुंडातून काढलेली गरम राख दाराशी पसरली आणि बाजूला झाली. मांजर राखेवर चढले, तीनदा गोल फिरले आणि झोपले. तिने त्याचे नाव धूसरा ठेवले.

शौल्बायनांना हे पटले नाही. होमाचे दूध, होमाचे तूप, आणि तिथे मांजर. त्यांनी पत्नीला विचारले, की या अतिथीचे गोत्र तरी विचारलेस का. गोत्र विचारून थंडी कमी होत नाही, असे ती म्हणाली. मांजराचे लक्ष तुपाच्या भांड्यावर आहे, असे ते म्हणाले. आपलेही असते, असे ती म्हणाली. यावर त्यांनी दंडाने जमिनीवर एक रेषा ओढली आणि मांजराने तिच्या आत यायचे नाही असे सांगितले. धूसरा त्या दिवसापासून बरोबर रेषेला लागून झोपू लागली. शेपूट मात्र आत असे.

ऋषी रोज ते शेपूट पाहत. एकदा एवढेच म्हणाले, "मनुष्य तीन ऋणे घेऊन जन्माला येतो. ही एक घेऊन बसली आहे. फेडते की बुडवते ते बघायचे."

शिशिर गेला, वसंत आणि ग्रीष्म गेले. श्रावणात धूसरेने समिधांच्या ढिगामागे चार पिल्ले घातली.

आणि मग ती पंचमी आली. सकाळी रोचनेला दिसले, की धूसरा एकेक पिल्लू तोंडात धरून टेकडीवरच्या गुहेकडे नेते आहे. चार वेळा वर गेली आणि चौथ्यांदा परत आली नाही. रोचनेने पतीला सांगितले, की नदी वाढणार, आपणही निघावे. ऋषी म्हणाले, की आकाश मी पाहिले आहे, पाऊस ओसरतो आहे, आणि शौल्बायन मांजराच्या मागे घर सोडून गेला असे ऐकायची माझी तयारी नाही. दुपारपर्यंत पाणी उंबराच्या बुंध्याला लागले. तिसऱ्या प्रहरी ते अग्निशाळेच्या पायरीवर होते.

कुंडातला अग्नी उचलून नेता येत नाही. त्यासाठी अरणी असतात, पिंपळाच्या लाकडाचे दोन तुकडे. एकावर दुसरा दोरीने घुसळला की अग्नी प्रकट होतो. आणि प्रवासाला निघताना अरणी कुंडावर तापवून मंत्र म्हटला की अग्नी लाकडात जाऊन बसतो. आश्रमाची मर्यादा अशी होती, की तिसऱ्या दिवशीच्या सायंहोमापर्यंत त्याला बाहेर काढावे. नाही काढला तर तो लाकूड सोडून जातो, आणि पुढे त्यातून पेटते ती नुसती आग.

शौल्बायनांनी अरणी तापवल्या, मंत्र म्हटला, दर्भाच्या जुडीसह त्या मृगाजिनात बांधल्या आणि गाठोडे डोक्यावर घेतले. रोचनेने हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. अग्नी आजवर तिने सांभाळला होता हे ते त्या वेळी विसरले. मुसळधार पावसात, गुडघे थरथरत असताना, दोन्ही हातांनी गाठोडे जटेवर घट्ट दाबून धरून ते टेकडी चढले. वरून एक थेंब आत गेला नाही. पण साठ वर्षांची जटा सगळे पाणी प्यायली होती. ती खालून ठिबकत राहिली आणि मृगाजिन खालून भिजत राहिले.

गुहेत पोचून त्यांनी गाठोडे सोडले. अरणी ओल्या होत्या. रोचनेने दोरी ओढली, ऋषींनी लाकूड दाबून धरले. धूर नाही, ऊब नाही, नुसते लाकूड किरकिरले. रात्र होईपर्यंत त्यांनी घुसळले. मग ते ऋषी, ज्यांच्यासमोर राजे उभे राहत, भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. त्यांच्या अंगात ताप होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोचनेने गुहा पाहिली. दगड ओले, वल्कले ओली, वाटेतून उचललेल्या समिधा ओल्या. कोरडी जागा एकच होती. गुहेच्या कोपऱ्यात धूसरा पिल्लांना पोटाशी घेऊन पडली होती. रोचना तिच्याजवळ बसली. अरणी हातात घेऊन बराच वेळ बसली. मग तिने पिल्लांना थोडे सरकवले आणि दोन्ही लाकडे धूसरेच्या पोटाखाली ठेवली. दर्भाची जुडी तिच्या कपाळाशी ठेवली. कुंडातल्या अग्नीभोवती काठ्या ठेवतात तशा समिधा तिच्या पाठीला आणि कुशीला टेकवून उभ्या-आडव्या रचल्या. मांजराला असे कोणी केले तर ते उठून जाते. धूसरा उठली नाही.

दोन दिवस ती तिथून हलली नाही. शिकारीला गेली नाही. रोचनेने ओंजळीत पाणी दिले ते प्यायली. पिल्ले मिळेल तिथे निजली: एक समिधांवर, एक दोरीच्या वेटोळ्यात, एक दारातल्या खड्यांवर. चौथ्याला जागा उरली नाही. ते आईच्या कपाळाखालच्या दर्भात डोके खुपसून पडले. रोचनेने धूसरेच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा तिला आतून एक आवाज लागला. घर्र घर्र, न थांबता. घुसळताना अरणीचा येतो तसा.

तिसऱ्या दिवशी दुपारी शौल्बायनांचा ताप उतरला. त्यांनी मान वळवली आणि पाहिले. बासष्ट वर्षांचा अग्नी, ज्याच्यासमोर ते अंघोळ केल्याशिवाय बसले नव्हते, तो एका बाळंतीण मांजरीच्या पोटाखाली होता. रोचनेने ते न विचारता केले होते, आणि आता ते तिच्या हातून सुटले होते. त्यांनी नाही म्हटले, तर सगळे संपले होते.

ऋषी कोपरावर टेकून अर्धवट उठले. मग म्हणाले, "अग्नी प्राण्यांच्या जठरात राहतो, असे श्रुती सांगते. कोणाच्या जठरात, ते ती सांगत नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "रोचने, मला धरून उठव. संध्याकाळ होते आहे."

अरणी कोरड्या झाल्या होत्या, नुकत्याच उन्हातून उचलल्यासारख्या ऊन लागत होत्या. रोचनेने दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला धुराची रेघ निघाली. सूर्य डोंगराला टेकला तेव्हा ठिणगी दर्भावर पडली.

आणि त्या ज्वालेतून, गुहेचे छत सोन्याचे करीत, सप्तजिव्ह, धूमध्वज, देवांचा पुरोहित असा भगवान हुताशन प्रकट झाला. शौल्बायनांनी हात जोडले. अग्नीने त्यांच्याकडे पाहिले, रोचनेच्या तळहाताकडे पाहिले, आणि मग तो कोपऱ्याकडे वळला. धूसरा आता उठून अंग चाटत होती. देव आला आहे याची तिने विशेष दखल घेतली नाही.

अग्नी म्हणाला, "ऋषे, शिशिरात हिने माझी ऊब घेतली, ती मला परत मिळाली. पण हिने वर आपली शिकार सोडली, आपले दूध आटू दिले. ते मी फुकट घेत नाही. जो मला सांभाळतो त्याच्यावर मी खूण ठेवतो. ही माझी आहे, हे आता सगळ्यांना दिसेल."

समिधांनी दबलेल्या केसांच्या रेषांवरून तो हलकेच धावला. लाकूड जळताना शिरांमधून काळे होते आणि मध्ये सोने राहते, तसे तिचे अंग झाले. पाठीच्या कण्यावर एक काळी वाट, तिच्यापासून कुशीकडे उतरणाऱ्या बारीक रेघा, पायांना कडी, शेपटीला वळी. कपाळ दर्भावर टेकले होते, तिथे दर्भाच्या काड्या उभ्या उमटल्या. डोळ्यांच्या कडांना त्याने काजळी दिली.

मग तो पिल्लांकडे गेला. समिधांवरचे आईसारखे पट्ट्यांचे झाले, आणि त्याला ज्वालेचा पिवळा-तांबडा रंग मिळाला. दोरीत निजले होते त्याच्या दोन्ही कुशींवर रुंद वेटोळी उमटली, आणि त्याचा रंग धुराचा. खड्यांवरच्याला ठिपके आले. चौथ्याच्या अंगावर रेघ नव्हती. पण त्याचा एकेक केस बुडाशी राखेसारखा आणि टोकाशी कोळशासारखा झाला, आणि कपाळावर आईच्या दर्भाची खूण राहिली. आज पृथ्वीवर जेवढी पट्ट्यांची, वेटोळ्यांची, ठिपक्यांची आणि राखी-भुरी मांजरे आहेत, ती या चौघांची. रंग कोणताही असो, कपाळावरच्या काड्या चुकत नाहीत. ज्याला खोटे वाटेल त्याने मांजर उन्हात धरून पाहावे.

शौल्बायन म्हणाले, "म्हणजे हिचे ऋण फिटले."

"माझे फिटले," अग्नी म्हणाला. "ऊब माझी होती. दाराशी जागा रोचनेने दिली होती. ते या दोघींचे त्या दोघी पाहतील." एवढे बोलून तो ज्वालेत मिसळला आणि ज्वाला लाकडावर बसली.

पूर ओसरल्यावर अग्नी पुन्हा कुंडात आला. ऋषींनी ती रेषा पुन्हा ओढली, पण पहिल्यापेक्षा बरीच आत. रोचनेने ते पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले. पिल्ले मोठी झाली आणि खालच्या गावांत पांगली.

माघात, वद्य द्वितीयेला, सकाळचा होम करून शौल्बायन कुंडाजवळच टेकले आणि उठले नाहीत. रोचनेने अग्नी मातीच्या भांड्यात घेतला आणि या वेळीही हातावर धरून नदीपर्यंत चालली. ज्या अग्नीभोवती ती त्यांच्या मागून फिरली होती, त्याच अग्नीने त्यांना नेले. अग्निहोत्र्याचा अग्नी त्याच्याबरोबर जातो. कुंडात मागे काही ठेवायचे नसते.

तिसऱ्या दिवशी ती अग्निशाळेत येऊन बसली. बाहेर दंव पडले होते. कुंड गार होते, राखही गार होती. दुसरी आग पेटवायला तिचा हात उठेना. उत्तरीय गुडघ्यांभोवती ओढून ती तशीच बसून राहिली.

धूसरा दारात आली. रेषेपाशी थांबली. मग रेषा ओलांडून आत आली, रोचनेच्या मांडीवर चढली, तीनदा गोल फिरली आणि बसली. रोचनेने डागाचा हात तिच्या पट्ट्यांवर ठेवला. आतून तोच आवाज सुरू झाला, आणि हळूहळू हाताला ऊब आली.

ऋण फिटले.