मठाची सूट

“आणि आपल्या मठाला किती?” अप्पाजींनी विचारलं.

मल्लिनाथ याच प्रश्नाची वाट पाहत होता. राज्याच्या नव्या कर विधेयकाचा मसुदा त्यानं लिहिला होता. संध्याकाळी तो छापायला जायचा होता. त्याआधी गुरूला वाचून दाखवायला तो मुद्दाम आला होता.

सॉफ्टवेअर विकणाऱ्या प्रत्येकानं कर भरायचा. उद्योगांना करात सवलत, पण निम्म्यापर्यंतच. उद्योग कितीही मोठा असो, निम्म्यापुढे नाही.

“मठाला पूर्ण माफी, अप्पाजी.”

“आपण काय विकतो रे?”

“मोबाइलवरचं पंचांग! चाळीस हजार लोक विकत घेतात. शेवटच्या पानावर एक ओळ घातलीय. वाचणाऱ्याला कळणारसुद्धा नाही.”

“फार हुशार झालास.”

“बारा वर्षं इथं जेवलो. ही माझी दक्षिणा.” त्याची मान ताठ होती.

अप्पाजी उठले.

पंगतीची वेळ झाली. या मठात जेवायचं तर प्रत्येकानं आधी खालच्या विहिरीतून एक घागर पाणी वर आणायचं. स्वामी असो, मंत्री असो. पायऱ्या साठेक तरी असतील.

मल्लिनाथनं बाह्या दुमडून घागर उचलली. अप्पाजींनी ती काढून घेतली.

“तू बस. आज तुला पूर्ण माफी.”

“मग माझी घागर?”

“आणेल की कुणीतरी.”

ऐंशीचे अप्पाजी दोन घागरी घेऊन पायऱ्या उतरू लागले.

मल्लिनाथ आधी हसला. अप्पाजी मध्यावर थांबून भिंतीला टेकले, तेव्हा त्याचं हसू गेलं...

त्यानं पेन काढलं. शेवटच्या पानावरची ओळ खोडली, आणि धावला.

विहिरीवर दोन्ही घागरी भरून झाल्या होत्या.

“खोडली, अप्पाजी.”

“वाचणाऱ्याला कळेल?”

“खोडताना कागद फाटलाय. कळेल.”

अप्पाजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली. तशी थाप त्याला बारा वर्षांत मिळाली नव्हती.

“आता दोन्ही द्या. तुमचं वय झालं.”

अप्पाजींनी मुकाट्यानं दिल्या. मल्लिनाथ पुढे, ते मागे. तिसाव्या पायरीवर अप्पाजी थांबले. हात पुढे केला.

“माझी घागर.”

“अहो, अजून तितक्याच पायऱ्या आहेत!”

“निम्म्यापुढे नाही, असं तूच वाचलंस ना?”