यादीतल्या केंकरेबाई

"बाबा, मेलेलं माणूस मेल वाचतं का हो?"

भैरोबाच्या टेकडीवर, देवळाच्या पायरीवर निवृत्तीबाबा शेंगा फोडत बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"जिवंत माणसं वाचतात का?"

शार्दूल शेजारी टेकला. हा पुण्याचा, त्यात सॉफ्टवेअरवाला. एरवी शहाणपण नुसतं उतू जायचं. आज मात्र तोंड पिठासारखं पांढरं.

त्याची नोकरी ॲम्ब्युलन्स बोलवायच्या ॲपवर. त्यात बग निघाला की तक्रार नोंदवायची. पूर्वी ज्याला काळजी, तो आपल्या हाताने तक्रारीला स्वतःचं नाव जोडायचा, मग तिच्या मेल त्याला यायच्या. शार्दूलला हा अडाणीपणा वाटला. त्याने प्रोग्राम लिहिला. ज्याने त्या कामाला कधीकाळी बोट लावलं, त्याचं नाव आपोआप जोडलं जाणार. मेल धो-धो सुटल्या. साहेब खूश.

"मेलं कोण?" बाबांनी विचारलं.

"केंकरेबाई. माझ्या सीनियर. प्रोग्रामला काय कळतंय... त्याने त्यांनाही जोडलं. बाकी कुणी मेल उघडत नाही, बाबा. त्या उघडतात. उत्तरही येतं."

"काय म्हणते?"

"'बघते मी.'"

"कुणी चावटपणा करत असेल."

"त्यांचं खातं मीच बंद केलंय... त्या गेल्या तेव्हाच."

बाबांनी एक शेंगदाणा तोंडात टाकला.

"मग आता?"

"नाव काढून टाकू का? की काही शांती करावी लागेल?"

बाबा उठले. गाभाऱ्याबाहेर नगारा आणि घंटा बडवणारं विजेचं यंत्र होतं. तेही शार्दूलनेच दिलेलं. ते आल्यापासून आरतीला माणूस फिरकत नव्हतं. हसू नका, तुमच्या देवळात जाऊन बघा.

बाबांनी बटण दाबलं. कान फुटतील असा गदारोळ झाला. वर आढ्याला पारवे बसले होते. एकानेही पंख हलवला नाही. एकाने तर मान आत घेतली आणि डोळे मिटले.

बाबांनी यंत्र बंद केलं. मग जुन्या घंटेचा लोलक धरून एकदाच, हलकेच टेकवला.

सगळे पारवे भर्रकन उडाले.

...

"शेवटचं 'बघते मी' कसल्या तक्रारीवर आलं?"

"ती... मी उघडली नाही."

"उघड."

शार्दूलने मोबाइल काढला आणि पहिल्यांदाच वाचलं. 'भैरोबाच्या घाटातून कॉल केला तर लागतो, पण पत्ता पोचत नाही. ॲम्ब्युलन्स निघतच नाही.'

त्याने खाली पाहिलं. घाटातल्या वळणावर त्याची गाडी उभी होती. आत बायको होती. सातवा महिना, पायऱ्या नकोत म्हणून थांबलेली.

मोबाइल हातात थरथरला. केंकरेबाईंची मेल.

'एकटीनं होत नाही रे. तिकडे कोणी आहे का?'

शार्दूलने मोबाइल बाबांपुढे धरला.

"बाबा... काय करू?"

बाबा पुन्हा पायरीवर टेकले. टरफलं फुंकून उडवली.

"मला काय विचारतोस? आहेस का, ते तिला सांग."