पाणी येईपर्यंतची वाळू

त्या राज्यात सगळे तिरके चालत आणि सगळ्यांनी सरळ लिहावं असा दंडक होता. राज्य खेकड्यांचं. लिहायचं म्हणजे वाळूच्या बारीक गोळ्या वळून ओळीत मांडायच्या. पोरांना वडीलधाऱ्यांच्या जुन्या ओळींचा कित्ता रोज गिरवावा लागे. एक गोळी हलली की ओळ मोडून पुन्हा पहिल्यापासून. साहजिकच लिहायला बसा म्हटलं की पोरं बिळात दडी मारत. पाठीवर पांढरा ठिपका असलेली ठिपकी त्यात सगळ्यांच्या पुढे.

मग अक्का शिकवायला आली. वयानं पिकलेली, बोलायला गोड. तिनं कित्ता बंद केला आणि ओहोटीनंतरच्या ओल्या वाळूत प्रत्येक पोराला एकेक चौकोन आखून दिला.

"ही तुमची वाळू," ती म्हणाली. "वेडंवाकडं, अर्धंमुर्धं, काय हवं ते लिहा. मी वाचणार नाही, दुसरं कुणी वाचणार नाही. भरती येईल आणि सगळं घेऊन जाईल."

सुरुवातीला पोरांनी नुसती वाळू उकरली. अक्का खरंच पाठ करून बसते हे पटल्यावर मात्र त्यांच्या नांग्या भराभर चालू लागल्या. भूक लागली तरी कुणी घरी जाईना.

खेकड्यांमध्ये एका गोष्टीची वाच्यता करत नाहीत. अंग वाढलं की जुनं कवच सुटतं आणि नवं कडक होईपर्यंत अंग लोण्यासारखं मऊ राहतं. तेवढा काळ दगडाखाली काढायचा, आणि सुटलेलं कवच, जे हुबेहूब आपल्यासारखंच दिसतं, गुपचूप पुरून टाकायचं. ठिपकीनं नेमकं हेच लिहिलं. मऊ असताना किती भीती वाटली, आणि दगडाबाहेर राखणीला बसलेली आईच कशी थरथरत होती, तेही. लिहून झाल्यावर तिला हलकं वाटलं. आपल्याला लिहायला आवडतं, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

अक्का पाठ करून बसली होती हे खरं. पण खेकड्याचे डोळे देठांवर असतात आणि मागेही वळतात, हे विश्वासाच्या भरात पोरं विसरली.

त्याच दिवशी भरतीची वेळ झाली आणि पाणी आलंच नाही. अक्कानं दगडांचा बांध घालून घेतला होता. कित्ता सोडून ही बाई पोरांना काय शिकवते, अशी पंचांची कुरकुर चालली होती. त्यांना दाखवायला हवं होतं. पंच आले, आईबाप आले. अक्कानं सगळ्यांना ठिपकीच्या चौकोनाशी उभं केलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. ती आईच्या थरथरण्यापाशी आली तेव्हा पंचांतलं कुणीतरी खुसकन हसलं. ठिपकीची आई बिळाकडे निघून गेली. लिहिणं मात्र पंचांना पसंत पडलं. अक्कानं कोपऱ्यात गेरूची लाल खूण केली, आणि जाता जाता एक वाकडी ओळ सरळ केली.

"तुम्ही म्हणाला होतात, पाणी येईल," ठिपकी म्हणाली.

"अगं वेडे, इतकं सुंदर लिहिलंस, ते पुसून कसं जाऊ देऊ?"

अक्काला खरोखरच तसं वाटत होतं. ठिपकीला त्याचंच जास्त लागलं. अक्का नुसती खोटारडी असती तर तिच्याशी भांडता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी बांध निघाला. अक्कानं पुन्हा चौकोन आखले, पुन्हा तेच शब्द सांगितले. ठिपकी हो म्हणाली आणि तिनं जुना कित्ता मांडला. त्यातली एकही गोळी हलली नाही. घरी आई पूर्वीसारखंच वागत होती, फक्त त्या दगडाजवळून जाताना नजर चुकवायची.

पुढे ठिपकीचं अंग पुन्हा वाढलं. या वेळी तिनं आईला राखणीला बोलावलं नाही. कवच सुटलं, तेव्हा ते पुरायचं सोडून तिनं मऊ अंगानं ओढत आपल्या चौकोनात नेलं, कित्त्याच्या ओळींपुढे नीट बसवलं आणि ती दगडाखाली शिरली.

अक्का फेरीला आली. ओळी पाहून खूश झाली.

"किती छान हात बसलाय तुझा," ती म्हणाली, आणि पाठीवरच्या पांढऱ्या ठिपक्याशेजारी तिनं कौतुकानं गेरूची खूण केली. "काहीतरी बोल की, ठिपके."

दगडाखालून ठिपकी बघत होती. भरतीचं पाणी आलं, ओळींवरून गेलं, आणि लाल खुणेसकट ते कवच अलगद तरंगू लागलं. अक्का अजून उत्तराची वाट पाहत उभी होती.