कोकराच्या जावळाची विजार

ऐका सटवाई माते, तुमची कहाणी. बायांनो, हात जोडा, मांडीवरची लेकरं सावरा आणि ऐका.

आटपाट नगर होतं. ते उंच माळावर होतं, वाऱ्याच्या तोंडाशी होतं. तिथं धुळा नावाचा एक मेंढका राही. त्याची बायको सगुणा, म्हातारी आई बनाबाई. धुळा राजाची मेंढरं राखी, पण त्याच्या स्वतःच्या दारात एक कोकरू नव्हतं. दिवसभर लोकरीत वावरायचं आणि घरी येऊन फाटकी वाकळ पांघरायची, असं त्याचं होतं.

सगुणेला पहिलं मूल झालं. पौष आला, थंडी आली, मूल घेऊन गेली. दुसरं मूल झालं. पौष आला, थंडी आली, तेही घेऊन गेली. मग तिसऱ्यानं लेक झाली. दृष्ट लागू नये म्हणून तिचं नाव चिंधू ठेवलं. चिंधू बसू लागली, हसू लागली, दारातल्या कोंबडीकडं हात करू लागली. आणि मार्गशीर्ष लागला.

सगुणा झऱ्यावर पाण्याला गेली. घागर लावली आणि बघत उभी राहिली. काठाशी एक म्हातारी बसली होती. ती म्हणाली, "पोरी, घागर कधीची भरली, वरून वाहतेय. तुझं ध्यान कुठं आहे?"

सगुणा म्हणाली, "ध्यान माझं पौषाकडं आहे, आजी. दोन नेली त्यानं. ही तिसरी मी देणार नाही. काय करू, तेवढं सांगा."

म्हातारी म्हणाली, "रडत विचारलं असतंस तर मीही तुझ्यासंगं चार आसवं गाळली असती आणि उठून गेले असते. देणार नाही म्हणालीस, तर सांगते. सटवाईचा वसा घे."

"तो कसा घ्यावा?"

"मार्गशीर्षातल्या सटीला, षष्ठीच्या दिवशी, घ्यावा. तीन घरी जावं आणि कोकराचं जावळ मागावं. कोकराची पहिली कातरलेली लोकर ती जावळ, सावरीच्या कापसासारखी मऊ. ती विकत घेऊ नये, चोरू नये. दिली तर फुगू नये, नाही दिली तर रुसू नये. टकळीवर सूत कातावं, बांबूच्या कामट्यांच्या सुया कराव्या आणि आईनं आपल्या हातानं लेकराला विजार विणावी. चुकलेला टाका झाकू नये. दिसला की उसवावं, उसवलं की पुन्हा विणावं."

"आणि उद्यापन काय करावं?"

"लेकराला विजार तोकडी झाली की तीही उसवावी. जी आई दारी मागायला येईल तिच्या पदरात ती लोकर घालावी." एवढं बोलून म्हातारी उठली, काठी टेकत माळ उतरून गेली.

सगुणा घरी आली. नवऱ्याला सांगितलं, सासूला सांगितलं. धुळा म्हणाला, "मागत कशाला फिरतेस? राजाची एवढी कोकरं माझ्या हाताखालून जातात. मूठमूठ ओढली तर कुणाला कळणार आहे?"

सगुणा म्हणाली, "धनी, मला कळेल. मग सुई चालायची नाही."

सट आली. सगुणेनं न्हाऊन पदर खोचला. पहिल्या घरी गेली. ती घरधनीण लेकुरवाळी होती. तिनं मूठभर जावळ दिलं आणि म्हणाली, "पुरेल का गं? माझ्या कडेवरचं घोडं बघ, याला गोणभर लागतं." दुसऱ्या घरी गेली. तिथं एकटी म्हातारी होती, तिची एकच मेंढी होती. तिनं होतं त्यातलं अर्धं दिलं. मग सगुणा तिसऱ्या घरी गेली. ते घर राजाचं होतं.

राणी ओसरीवर बसली होती, राजपुत्राला खेळवत होती. सगुणेनं पदर पसरला. राणी म्हणाली, "हातपाय तर धड आहेत तुझे. मागायला लाज नाही वाटत?"

सगुणा म्हणाली, "वाटते, राणीसाहेब. पण लाजेनं लेकरू मरत नाही, थंडीनं मरतं."

राणीनं सगळा वसा विचारून घेतला. मग हसली. कोठीच्या कोपऱ्यातलं कुसळांनी भरलेलं जावळ सगुणेच्या पदरात टाकायला लावलं. दासीला म्हणाली, "आपणही राजपुत्राला अशी विजार करू. पण मागायचं नाही आणि मी विणायची नाही. तू वीण. रेशमाची वीण, कलाबतू घालून वीण."

सगुणा घरी आली. उन्हात बसून एकेक कुसळ वेचलं. बोटांना रक्त आलं, ते पदराला पुसलं. धुळानं टकळीवर सूत कातलं. सगुणेनं सुयांवर टाके घातले आणि विणायला बसली. एक पाय झाला, दुसरा पाय झाला, दोन्ही जोडून कंबर झाली. चिंधूला घालायला गेली, तर विजार मांडीपाशीच अडली.

बनाबाई म्हणाली, "सून माझी शहाणी. लेकरू मोजलं, लंगोट मोजायचा राहिला. आता पोरीनं काय, विजारीच्या वरून लंगोट बांधायचा?"

सगुणाही हसली. हसत हसत उसवलं. गुंडा केला, लंगोटासकट माप घेतलं, मधे दोन पाय जुळतात तिथं चौकोनी तुकडा वाढवला आणि पुन्हा विणायला बसली.

पुन्हा विजार होत आली. मग सगुणेनं ती उजेडाला धरली. खाली गुडघ्यापाशी एक टाका निसटलेला होता. तिळाएवढं भोक. बाहेर वारा सुटला होता, अंगणातलं पाणी काचेसारखं होऊ लागलं होतं, चिंधूचे पाय गार लागत होते.

बनाबाई म्हणाली, "गाठ मार आणि घाल पोरीला. कोण बघतंय? तुझ्या नवऱ्याला मी गाठी मारलेल्या कपड्यांतच वाढवला, तो काय वाकडा झाला?"

सगुणा म्हणाली, "आत्याबाई, मागच्या दोघांना आपण असंच, होतं त्यात झाकलं होतं."

बनाबाईनं चुलीत लाकूड सारलं. मग सरकून जवळ आली. विजार सुनेच्या हातातून घेतली आणि आपल्याच हातानं उसवायला लागली. सगुणेनं चिंधूला पोटाशी धरलं, वरून वाकळ बांधली आणि विणायला बसली. सासू गुंडा सोडी, सून टाका घाली. चिंधू आईच्या पोटाशी ऊब घेई.

तिसऱ्यांदा विजार झाली. भोक नाही, गाठ नाही. चिंधूला घातली, नाडी बांधली. छान बसली. घरात आनंद झाला. इतक्यात दारी एक भिकारीण आली. "माय, घोटभर पेज वाढ." सगुणेनं पेज दिली. भिकारीण उंबऱ्यापाशी बसून प्याली आणि म्हणाली, "विजार चांगली विणलीस. लेकरू निजलेलं मापलंस, की रांगतं मापलंस?"

सगुणेनं वळून बघितलं. चिंधू कोंबडीच्या मागं रांगत निघाली होती. विजार मागून घसरली होती, पाठ उघडी पडली होती.

भिकारीण म्हणाली, "लेकराला मागं जास्त लागतं, पुढं कमी. मागच्या बाजूला आलीस की सुई पुरती नेऊ नकोस, अर्ध्यातून परत फीर. चार वेळा अशी फिरलीस की पाठ वर चढते." वाडगं खाली ठेवून ती गेली. झऱ्याकडं जाणाऱ्या वाटेनं ती काठी टेकत चालली होती, तेव्हा सगुणेनं ओळखलं. हात जोडले. धावत गेली नाही. आत येऊन कंबर उसवली आणि पुन्हा विणायला बसली. पाठ उंच केली, मग हात थांबवला.

पौष आला. थंडी माळावर चढली. ती सगुणेच्या घरात शिरली, पाळण्यापाशी गेली. दोनदा आली होती, वाट माहीत होती. तिनं मांडीपाशी बघितलं. मांडीपाशी विजार सैल होती, आत लंगोट होता, जागा नव्हती. तिनं गुडघ्यापाशी बघितलं. गुडघ्यापाशी टाक्याला टाका होता, वाट नव्हती. तिनं पाठीपाशी बघितलं. चिंधू कुशीवर वळली, पालथी झाली, ढुंगण वर करून निजली. पण पाठ काही उघडी पडली नाही. थंडी रागावली. म्हणाली, "इथं माझं काही चालत नाही." आणि राजवाड्यात गेली.

राजवाड्यात काय झालं होतं? दासीचाही टाका निसटला होता. उसवावं तर राणी रागावेल, या भयानं तिनं गाठ मारली, वरून कलाबतूचा मोर काढला. थंडीनं मोर उचलला, गाठ ओढली. गाठ सुटली, टाक्यामागून टाका पळाला, विजारीची चाळण झाली. राजपुत्राला ताप भरला, छातीत कफ धरला. वैद्य झाले, मांत्रिक झाले, नाही नाही ते औषध-पाणी झालं. वर्ष सरत आलं तरी पोर खोकतच राहिलं, उभं राहीना.

पुन्हा मार्गशीर्ष लागला. राणीला वशाची आठवण झाली. तिनं दागिने उतरवले, अनवाणी निघाली, दोन घरी पदर पसरला. तिसऱ्यानं सगुणेच्या दारी आली आणि खाली मान घालून उभी राहिली.

बनाबाई दारातच बसली होती. म्हणाली, "हातपाय तर धड आहेत तुमचे, राणीसाहेब."

राणी म्हणाली, "आहेत, आजी. म्हणूनच विणीन. माझं लेकरू वाचलं पाहिजे."

बनाबाई बाजूला सरली. "आत ये, पोरी," म्हणाली. "चुलीपाशी बस, पाय बघ कसे झालेत."

घरात दुसरी लोकर नव्हती. यंदा चिंधूपुरती मागून आणलेली, ती सुईवर चढली होती. होती ती जुनी विजार, तोकडी झालेली, सगुणेनं उशाशी जपून ठेवलेली. सगुणेनं ती हातात घेतली. गुडघ्यावरून बोट फिरवलं, पाठीवरून फिरवलं. लेक वाचली ती हिच्यात. तीनदा उसवली तेव्हा ती अडली नव्हती, या वेळी अडली. मग तिनं वसा आठवला, टोक शोधलं आणि ओढलं. सरसर सगळी उसवली. लोकर राणीच्या पदरात घातली.

"दासीकडं देऊ नका, राणीसाहेब. आणि चुकलं तर इथं या, मी दाखवीन."

राणी विणायला बसली. चुकली, उसवलं. पुन्हा चुकली, रडली, उसवलं. तिसऱ्यांदा जमलं. राजपुत्राला विजार घातली. थंडी आली, सगळीकडून फिरली, माळ उतरून निघून गेली. कफ सुटला, ताप उतरला. रथसप्तमीच्या उन्हात पोर अंगणात उभं राहिलं आणि दोन पावलं टाकून दासीच्या अंगावर पडलं. राणीनं दासीला जवळ घेतलं. म्हणाली, "तुझी चूक नव्हती गं, तुला भय माझं होतं."

राजानं धुळाला बोलावलं. "काय हवं ते माग." धुळा म्हणाला, "घरी विचारून येतो." राजा हसला. सगुणेनं सांगितलं, "दर साली कोकरांचं जावळ वेशीपाशी टोपल्यात भरून ठेवा. ज्या आईला हवं तिनं न्यावं, कुणी कुणाला बोल लावू नये." राजानं ते केलं. आणि आपल्या मनानं धुळाला माळावरचं कुरण दिलं, मेंढ्या दिल्या.

धुळाच्या दारात कोकरं बागडू लागली. सगुणेची कूस पुन्हा उजवली, पाळणा पुन्हा हलला. बनाबाई नातवंडांत बसून गुंडे करू लागली. आणि चिंधू नव्या विजारीत, तुरुतुरु, कोकरांच्या मागं पळू लागली. पौष येई, जाई. त्या घरी त्याची कुणी वाट बघेना आणि त्याला कुणी भिईना.

जशी सटवाई सगुणेला पावली, राणीला पावली, तशी तुम्हांआम्हां लेकुरवाळ्यांना पावो. ही साठा टाक्यांची कहाणी पाचा टाक्यांत आवळली, सुफळ झाली, संपूर्ण झाली.