सुभेदारांची दुर्बीण आणि म्हाळबाचा नेम

आंबेवडी म्हणून एक गाव होतं आणि त्या गावात म्हाळबा नावाचा एक भोळा गुराखी होता. भोळा म्हणजे किती? ‘डोळ्यांत तेल घालून गुरं राख’ असं आईनं सांगितलं, तर हा तेलाची बुधली शोधायला लागायचा. पण डोळे घारीचे. समोरच्या डोंगरावरच्या शेळीचं कुठलं शिंग मोडलंय, ते इकडून सांगायचा.

म्हणून तर सुभेदारआबांनी त्याला धरला.

दर जत्रेला आंबेवडी आणि सावरखेड यांची नेमबाजी व्हायची. जे गाव जिंकेल त्याची पालखी पुढे. आबा पलटणीतून निवृत्त होऊन आले, तेव्हापासून मान आंबेवडीचा होता. मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि तीन वर्षं आंबेवडीची पालखी सावरखेडची धूळ खात मागून चालली. बंदूक होती, बंदुकीवर दुर्बीण होती, डोळा तेवढा नव्हता.

“बघ आत,” आबा म्हणाले. “काय दिसतं?”

“कोळ्याचं जाळं. पुसू का?”

“जाळं नव्हे रे, रेघा आहेत त्या! मधोमध फुली, आणि रेघांवर बारीक खुणा. त्यांवरून अंतर मोजायचं. शंभर पावलांवरचा माणूस आठ खुणांएवढा दिसतो. तोच चार खुणांएवढा दिसला, म्हणजे?”

“वाळलाय बिचारा.”

“म्हणजे दोनशे पावलांवर आहे! निम्मा दिसला की दुप्पट लांब. पाठ कर.”

म्हाळबानं पाठ केलं. संध्याकाळी दारात सरपंच लिंबाजीराव आले. सरपंच मोठे मानी, पण उंचीनं म्हाळबाच्या कमरेच्या जरा वर. उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, “आई आहे का घरात?”

म्हाळबानं त्यांना न्याहाळलं. माणूस निम्मा दिसतोय. त्यानं तोंडापुढे हात धरले आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, “सरपंच! अजून दोनशे पावलं आहेत! दमू नका! सावकाश या!”

सरपंच आले त्या पावली परत गेले. त्यांनी आबांना गाठलं. आबांनी म्हाळबाला.

“अरे गाढवा, समोरचा मुळात केवढा आहे ते आधी विचारावं!”

“बरं आबा.”

“आणि नुसतं अंतर कळून भागत नाही. गोळी जाता जाता खाली पडते. म्हणून जितकं लांब, तितकी फुली वर धरायची. कळलं?”

“लांब असेल तर वर धरायचं.”

दुसऱ्या दिवशी म्हाळबाला मुलीकडचे लोक बघायला आले. आईनं चार ठिकाणी शब्द टाकून जमवलेलं स्थळ. ती कानात म्हणाली, “लांबचे पाहुणे आहेत. नीट पाणी दे.”

म्हाळबा तांब्या घेऊन मुलीच्या बापासमोर उभा राहिला. “पाहुणे, तुम्ही मुळात केवढे?”

“अं? पाच फूट असेन. का बरं?”

“आणि गाव किती लांब?”

“बारा कोस.”

बारा कोस म्हणजे पुष्कळ वर. म्हाळबानं तांब्या पाहुण्यांच्या फेट्याच्या वर हातभर धरला आणि ओतला. पाणी खरंच खाली पडलं. आबा खोटं बोलत नाहीत, हे पाहून म्हाळबाला बरं वाटलं.

पाहुणे निथळत निघून गेले. आई पदरात तोंड खुपसून बसली. ती जेवली नाही, हे म्हाळबानं पाहिलं. त्या दिवशी तोही जेवला नाही.

“आबा, मी वर धरलं होतं. मग आई का रडते?”

आबांनी उसासा टाकला. “पाण्याचं सोड. जत्रा तोंडावर आलीय. आता वारा शिक. वारा गोळीला ढकलतो. म्हणून वारा जिकडून येतो, तिकडे सरकून धरायचं.”

रागावलेल्या सरपंचांची समजूत काढावी, म्हणून आईनं म्हाळबाला त्यांच्या खळ्यावर मदतीला धाडलं. उफणणी चालली होती. ज्वारीची स्वच्छ रास लागली होती. वारा पश्चिमेचा.

“म्हाळबा, तेवढी पाटी उफण,” सरपंच म्हणाले.

म्हाळबा राशीला वळसा घालून पश्चिमेकडे सरकला आणि पाटी डोक्यावर धरून झटकली. सगळा भुसा उडाला तो स्वच्छ राशीवर जाऊन बसला. म्हाळबा मन लावून काम करणारा. सरपंच धावत येईपर्यंत त्यानं अकरा पाट्या उफणल्या.

“हा आपला नेमबाज?” सरपंच आबांवर कडाडले. पण दुसरा डोळा आणायचा कुठून?

जत्रेचा दिवस उजाडला. ओढ्यापलीकडे बांबूवर तीन मडकी टांगलेली. सावरखेडच्या गड्यानं एकही फोडलं नव्हतं. ओढ्याकाठी सावरखेडचे पाटील पांढऱ्या घोड्यावर बसून मिशीला पीळ देत होते.

म्हाळबा बंदुकीमागे पालथा पडला. “आबा, मडकं मुळात केवढं?”

“हातभर.”

म्हाळबानं खुणा मोजल्या, अंतर सांगितलं. अगदी बरोबर! फुली हवी तेवढी वर घेतली. वारा डावीकडचा होता, तो डावीकडे सरकला. तेही बरोबर! आंबेवडीचे लोक टाचा उंचावून उभे राहिले. सरपंचांनी हात जोडले. आईनं डोळे मिटले. गोळ्या मोजक्याच मिळायच्या, म्हणून म्हाळबानं सरावात एकही उडवली नव्हती. पण आता गोळी उडवण्याशिवाय उरलं होतंच काय?

आबा त्याच्या कानाशी वाकले. “शाब्बास! आता श्वास रोख, आणि हळूच घोडा दाब.”

म्हाळबानं श्वास रोखला. बंदूक अलगद खाली ठेवली. उठला, पाटलांपाशी गेला, आणि त्यांच्या घोड्याचा पुठ्ठा दोन्ही हातांनी हळूच दाबला.

घोडा उधळला. पाटील ओढ्याच्या चिखलात बसले. घोडा तसाच पलीकडे गेला, बांबूवर आदळला, आणि कडेचं मडकं फटकन फुटलं.

सगळी जत्रा त्या फुटक्या मडक्याकडे बघायला लागली.

म्हाळबानं रोखलेला श्वास सोडला आणि आबांकडे वळून म्हणाला, “एक फुटलं, आबा. अजून दोन घोडे आणा.”