बाबालाल मिस्त्रीचा उरलेला नट

फार वर्षांपूर्वी, तळखिंडीच्या घाटाला अजून डांबर ठाऊक नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. नक्की किती वर्षांपूर्वी ते विचारू नका. गावात विचारलंत तर प्रत्येक म्हातारा वेगळं साल सांगेल आणि मग त्यांच्यातच जुंपेल. घाट मात्र तेव्हाही होता, आणि घाटाच्या पायथ्याला कडुलिंबाचं झाडही होतं. त्या लिंबाखाली बाबालाल मुलाणी गाड्या दुरुस्त करायचा.

दुकान म्हणावं असं काही नव्हतं. डोक्यावर पत्रे, पायाखाली तेलानं काळी झालेली जमीन, पान्यांची एक पेटी आणि एक पोतं. ते पोतं अंथरून बाबालाल त्यावर गाडीचे सुटे भाग मांडायचा, जसे काढले तसे ओळीनं. एरवी हा माणूस इतका गरीब की कोंबडीलासुद्धा हाकलायचा नाही, पण त्या ओळीला कुणाचा पाय लागला तर पाना उगारायचा. ट्रक, जीप, मळणीयंत्र, विहिरीवरचं इंजिन, जे बंद पडेल ते लिंबाखाली यायचं. जे येऊ शकत नसे, त्याच्याकडे बाबालाल सायकलवरून जायचा.

त्याच्या हाताला गुण होता. इंजिन उघडण्याआधी तो ते ऐकायचा. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. मग म्हणायचा, "हिचं पोट ठीक आहे, छाती भरलीये." असं म्हणतात, की गाडी वर खिंडीच्या तोंडाशी आली की खाली चहा पिता पिता तो सांगायचा, ही गाडी कुणाची, कोणत्या गिअरमध्ये आहे, आणि ड्रायव्हर घरून भांडून निघालाय का. रेडिएटर गळायला लागला तर त्यात मूठभर हळद टाकून तो गळती थांबवायचा. एका ट्रकच्या पंख्याचा पट्टा तुटला, तर त्यानं अमिनाबीच्या लुगड्याचा काठ पिळून बांधला आणि तो ट्रक कोकणात जाऊन परत आला, असं म्हणतात. अमिनाबी म्हणजे त्याची बायको. ही गोष्ट निघाली की ती म्हणायची, "ट्रक परत आला, काठ नाही आला."

पण एवढ्या गुणी माणसाची एक खोड होती. बाबालालनं गाडी जोडली की एक नट उरायचाच.

सगळी ओळ संपायची, बॉनेट बंद व्हायचं, आणि पोत्यावर एक नट शिल्लक. बाबालाल तो उचलायचा, ड्रायव्हरच्या तळहातावर ठेवायचा आणि म्हणायचा, "हा उरला. जपून जा."

आता तुम्हीच सांगा, घाट चढायला निघालेल्या माणसाला हे कसं वाटेल? ड्रायव्हरच्या तोंडचं पाणी पळायचं. तो म्हणायचा, मिस्त्री, पुन्हा उघडून बघा. बाबालाल म्हणायचा, उघडलं तर आणखी एक उरेल. मग तो नट परत घेऊन तो लिंबाच्या फांदीला बांधलेल्या तारेत ओवायचा. तारेवर असे किती नट जमले होते, देव जाणे. वारा सुटला की ते खुळखुळायचे.

गावानं या गोष्टीची काय काय थट्टा केली म्हणून सांगू. कुणाच्या घरी लग्नात एक पाट जास्त निघाला की म्हणायचे, मांडव बाबालालनं घातलाय. पोराला गणितात बाकी उरली की म्हणायचे, मुलाण्याकडं शिकायला होतास काय? बाबालाल स्वतःही हसायचा. मात्र त्याच्याकडून गेलेली गाडी घाटात कधी बंद पडली नाही, हे कुणाच्या ध्यानात यायचं नाही. थट्टेला डोळे कमीच असतात.

अमिनाबीला मात्र ती थट्टा लागायची. तिला खरी गोष्ट माहीत होती. कारण पेठेतून नव्या नटांची पिशवी तीच भरून आणायची.

एकदा ती पाणी भरून चालली होती. भैरू ढोणे ट्रकच्या टपावर बसून बिडी ओढत होता. भैरू म्हणजे तळखिंडीतला सगळ्यात धीट ड्रायव्हर. वाईट नव्हता, पण जीभ आणि पाय दोन्ही त्याच्या ताब्यात नसायचे. तो म्हणाला, "अमिनाभाबी, कोरड्यास केलंसा नव्हं? मीठ उरलं का पातेल्याभाईर?"

चहाच्या टपरीवरचे सगळे हसले. अमिनाबीनं घागर खाली ठेवली. ती तडक लिंबापाशी गेली, तारेतून सगळ्यात शेवटी ओवलेला नट काढला आणि भैरूपुढे धरला.

"ह्यो तुझ्याच गाडीचा. आत बोट घाल. हायत का आटे?"

भैरूनं बोट घातलं. आतले आटे पार झिजून गुळगुळीत झाले होते.

"दर गाडीतला सगळ्यात झिजलेला नट माझा नवरा काढतो आणि तिथं पदरचा नवा बसवतो," अमिनाबी म्हणाली. "हा जो उरतो, तो जुना. तुमच्या गाड्यांत काय कमी न्हाई. कमी असंल तर तुमच्या डोक्यात."

टपरीवरचे उठून लिंबापाशी आले. एकेकानं तारेवरचे नट चाचपले. सगळे झिजलेले. त्या संध्याकाळपर्यंत गोष्ट गावभर झाली आणि ज्यांनी आयुष्यभर थट्टा केली, ते बाबालालच्या पाया पडायला आले. अमिनाबी दारात उभी होती. तिला त्या दिवशी फार बरं वाटलं, आणि का वाटू नये?

बाबालाल मात्र जेवला नाही.

"अगं, तू माझी अब्रू घरी आणलीस," तो तिला म्हणाला, "पण घाटातली भीती काढून घेतलीस."

मग त्यानं तिला जे सांगितलं, ते तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. तो नुकता मिस्त्री झाला होता तेव्हा येशा नावाचा एक ड्रायव्हर त्याच्याकडे ट्रक घेऊन आला होता. बाबालालनं जीव ओतून तो ट्रक जोडला. काम असं झालं होतं की त्याचं त्यालाच कौतुक वाटलं, आणि त्या भरात तो येशाला म्हणाला, "आता डोळे मिटून जा." येशा गाणं म्हणत गेला. परत उतरताना म्हसोबाच्या वळणावर तो ट्रकसकट दरीत गेला. बाबालाल दरीत उतरला, तुटलेला ट्रक त्यानं हातानं तपासला. एकही नट ढिला नव्हता. गाडीची काहीच चूक नव्हती.

"तवापासनं ठरवलं," तो म्हणाला, "गाडी निर्दोष झाली असं कुणाला म्हणायचं न्हाई. एक नट उरलाय असं वाटलं की गडी कान देऊन गाडी चालवतो. मला हसत हसत का हुईना, घरी जातो."

अमिनाबीनं त्याच्या ताटावर झाकण ठेवलं आणि त्याच्या शेजारी बसून राहिली.

आणि झालं तसंच. भीती गेली. 'बाबालालनं जोडलीये' असं म्हणत ड्रायव्हर मंडळी वळणावर हॉर्नसुद्धा वाजवेनात. बाबालाल नट हातावर ठेवायचा, तर ते डोळा मारून हसायचे. भैरू तर उतार लागला की गाडी न्यूट्रल करायचा आणि तशीच सोडून द्यायचा. त्यानं डिझेल वाचतं आणि गाडी वाऱ्यासारखी पळते. पण गिअर नसला की गाडीला आवरायला इंजिनाचा हात राहत नाही, सगळा भार ब्रेकवर पडतो, आणि घाटात ब्रेक तापला की तो कुणाचंच ऐकत नाही. बाबालाल सांगून दमला, की ज्या गिअरनं चढतोस त्याच गिअरनं उतर. भैरू हो म्हणायचा आणि ऐकायचा नाही.

मग तो बाजाराचा दिवस आला. अमिनाबी वरच्या पेठेत बाजाराला गेली होती. परतीला भैरूचा ट्रक मिळाला. पोत्यांवर गावातली बरीच माणसं बसली होती, त्यात तीही बसली. चैत्रातलं ऊन होतं. झाडाचं पान हलत नव्हतं.

खाली बाबालाल एका मळणीयंत्राचं चाक काढत होता. खिंडीच्या तोंडाशी त्याला भैरूच्या गाडीचा आवाज आला. आणि मग तो आवाज गेला.

गाडी बंद पडली असती तर आवाज वेगळा आला असता. हा तसा नव्हता. बाबालालच्या हातातला पाना गळून पडला. गाडी न्यूट्रलमध्ये सुटली होती. बाजाराच्या दिवशी परतीला तो एकच ट्रक, म्हणजे त्यात अमिना होती, आणि पुढं म्हसोबाचं वळण होतं.

सायकलवरून पोचायला वेळ नव्हता. हाक तर तिथवर जाणारच नव्हती. बाबालाल लिंबाकडे धावला.

इथून पुढं दोन तऱ्हेनं सांगतात. काहीजण म्हणतात, त्यानं ती तार दोन्ही हातांनी धरली आणि तळवे फाटेपर्यंत हलवली. काहीजण म्हणतात, तो झाडापाशी पोचण्याआधीच, वाऱ्याचा लवलेश नसताना, सगळे नट आपणहून वाजायला लागले. माझी आजी दुसरं सांगायची, आजोबा पहिलं सांगायचे, आणि दोघांनी त्यावरून एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. तुम्हाला पटेल ते घ्या. पण आवाज झाला, हे दोघंही कबूल करायचे. असा आवाज, की टपरीवरच्या कपातला चहा थरथरला, गोठ्यातल्या म्हशी उठून उभ्या राहिल्या, आणि तो आवाज दरीतून वर, वळणावळणानं चढत गेला, असं म्हणतात.

वर भैरू मजेत होता. एकाएकी त्याला आपल्या पायाखालून आवाज आला. खुळखुळ, खुळखुळ. ड्रायव्हरला या आवाजाइतकी कशाचीच भीती वाटत नाही. काहीतरी सुटलं. नट सुटला. त्याचा पाय ब्रेकवर गेला, हात गिअरवर गेला, आणि कुरकुरत, थरथरत, म्हसोबाच्या वळणाच्या अलीकडे ट्रक उभा राहिला.

भैरू उडी मारून खाली उतरला आणि गाडीखाली शिरला. इकडे चाचपला, तिकडे चाचपला. सगळं जागच्या जागी होतं. आवाज मात्र येतच होता. पोत्यांवर बसलेल्या माणसांनाही तो ऐकू येत होता, पण ओळखला एकटीनंच.

"भाईर ये," अमिनाबी म्हणाली. "गाडीखाली शोधू नगंस. तो नट खाली लिंबावर हाय."

मग सगळे चालत वळणापर्यंत गेले आणि पलीकडे पाहिलं. धनगरांचा एक वाडा, म्हणजे अख्खा तांडा, घाट चढत होता. सगळा रस्ता मेंढरांनी भरला होता. मेंढरांच्या मागे घोडं होतं, घोड्यावर बिऱ्हाड होतं, आणि त्या बिऱ्हाडावर दोरीनं बांधलेलं एक लहान पोर उन्हात शांत झोपलं होतं.

भैरू रस्त्यातच खाली बसला.

त्या दिवशी भैरूनं ट्रक पहिल्या गिअरमध्ये उतरवला. इतका हळू, की माणसं चालत त्याच्या आधी गावात पोचली. लिंबाखाली बाबालाल बसला होता. हातांना फडकं बांधलेलं होतं, आणि ते तेलानं भिजलं होतं की रक्तानं, यावरूनही आमच्याकडे वाद आहे. अमिनाबी त्याच्यापुढे उभी राहिली.

"माझं चुकलं," ती म्हणाली.

"खरं बोलणाऱ्याचं कशाला चुकतंय," बाबालाल म्हणाला. "बस. घामानं भिजलीयेस."

मग भैरू पुढं आला. एवढा धीट गडी, पण मान वर करत नव्हता. त्यानं नुसता हात पुढं केला आणि म्हणाला, "मिस्त्री, माझा नट उरलाय का?"

बाबालालनं त्याच्याकडे पाहिलं. भैरूला सगळं ठाऊक होतं, नट झिजलेला आहे, गाडीत काही कमी नाही, हे त्याच्या बोटानं तपासलेलं होतं. तरी तो मागत होता. बाबालालनं तारेतून एक नट काढून त्याच्या तळहातावर ठेवला.

"हा उरला," तो म्हणाला. "जपून जा."

"जपून जातो," भैरू म्हणाला.

त्यानंतर बाबालाल म्हातारा होईपर्यंत जगला आणि त्याच्या हातून आणखी पुष्कळ नट उरले. तो गेला त्या दिवशी घाटातल्या सगळ्या गाड्या आपापल्या जागी बंद पडल्या आणि दफन झाल्यावर आपणहून सुरू झाल्या, असं म्हणतात. एवढं मात्र मी मानत नाही. त्यानं जोडलेल्या गाड्या बंद पडणं शक्य नाही.

आता घाटाला डांबर आहे, लोखंडी कठडा आहे. गाड्याही अशा आल्यात की त्यांचा दोष संगणक सांगतो आणि नट उरायची सोय राहिलेली नाही. तरी तळखिंडीत आजही गाडी दुरुस्त झाली की मिस्त्री डब्यातला एक झिजलेला नट काढतो आणि गाडीवाल्याच्या हातावर ठेवतो. गाडीवाला कितीही मोठा असो, 'जपून जातो' म्हटल्याशिवाय त्याला किल्ली मिळत नाही. घाट सुखरूप उतरलेला माणूस आपला नट लिंबाला बांधून जातो. लिंबाचा बुंधा इतका वाढलाय, की जुनी तार आणि तिचे नट आता झाडाच्या पोटात गेलेत. सुतारपक्षी तिथं चोच मारत नाही, असं म्हणतात.

आणि ज्यांच्याकडे गाडी नाही, त्यांचंही अडत नाही. गाव सोडून निघालेल्या पोराच्या किंवा सासरी निघालेल्या पोरीच्या मुठीत आई एक नट देते. लेकराची सगळी तयारी झालेली असते, काही म्हणता काही कमी नसतं. तरी आई म्हणते, "हा उरला."